भ्रमणध्वनी सेवेची व्याप्ती आणि विश्वसनीयता : तुलनेच्या निकषांचा विचार

प्रस्तावना :

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्यात झालेले संभाषण हे भारतातील भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण मानले जाते. त्यानंतर कित्येक वर्षे हे साधन चैनीचे समजले जात होते. १९९९ चे नवे दूरसंचार धोरण, २००२ पासून भारत संचार निगम लिमिटेडचा या क्षेत्रातील प्रवेश आणि २००३ साली येणारे कॉल निःशुल्क होणे या घटनांनी ते सर्वसामान्यांच्या हाती आले. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर उपलब्ध झाली, तेव्हापासून ‘कोणते नेटवर्क चांगले ?’ हा प्रश्न ग्राहकाच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने व्यावहारिक ठरला.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा प्रश्न आज वेगळ्या कारणाने भेडसावतो. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, शैक्षणिक कर्ज या सर्व टप्प्यांवर विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी काही मिनिटांत भरावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयात शिष्यवृत्ती अर्जाच्या अखेरच्या दिवशी एक विद्यार्थिनी संगणक कक्षात बसली होती आणि तिचा आधारशी जोडलेला फोन वडिलांकडे, डोंगराआडच्या वाडीत होता. संकेतांक वडिलांपर्यंत पोहोचला तो सायंकाळी ते गावठाणात उतरल्यावर. त्या वेळी संबंधित कंपनीची आमच्या जिल्ह्यातील सेवा निकषांनुसार ‘समाधानकारक’ होती, हे येथे नमूद केले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्याप्ती म्हणजे काय ?

व्याप्ती आणि विश्वसनीयता हे शब्द बोलण्यात एकत्र येत असले तरी त्या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या ठिकाणी लहरी पोहोचतात की नाही, हा व्याप्तीचा प्रश्न होय. पोहोचत असतील तर हव्या त्या क्षणी, गर्दीच्या वेळी व वादळी दिवशीही सेवा मिळते की नाही, हा विश्वसनीयतेचा प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर नकाशावर दाखविता येते. दुसऱ्याचे उत्तर काळाच्या ओघातच मिळते.

व्याप्तीचा विचार करताना प्रथम एकक पाहावे लागते. प्रारंभीच्या परवान्यांत कंपन्यांवर घातलेली अट अशी होती की, पहिल्या वर्षात परवाना क्षेत्रातील १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा द्यावी. मुख्यालयाऐवजी जिल्ह्यातील दुसरे शहर घेण्याचीही मुभा होती. साहजिकच शहरे व महामार्ग आधी व्यापले गेले. पुढे ‘गाव’ हे एकक आले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सेवेविना राहिलेल्या २४,६८० गावांत फोर-जी सेवा पोहोचविण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. त्यापूर्वी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांसाठी अशीच योजना मंजूर झाली होती; त्या राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता.

परंतु गाव हे एकक सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या भूरचनेला पुरेसे पडत नाही. येथील महसुली गाव म्हणजे एकवटलेली वस्ती नव्हे. गावठाण, बौद्धवाडी, ठाकरवाडी, धनगरवाडा अशा कित्येक वाड्या डोंगराच्या वेगवेगळ्या कुशीत विखुरलेल्या असतात. लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात व मध्ये डोंगराची सोंड आली की तिच्या मागे सावली पडते. गावठाणात रेंज असली की गावाची नोंद ‘सेवायुक्त’ होते, सावलीतल्या वाड्यांची निराळी नोंद होत नाही. दख्खनच्या पठारावर, लातूर वा सोलापूरच्या सपाट भागात, हाच निकष बराच विश्वासार्ह ठरतो. एकच मोजपट्टी दोन भूप्रदेशांत दोन अर्थ देते ती अशी.

लहरींची वारंवारताही येथे महत्त्वाची आहे. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ अशा खालच्या पट्ट्यातील लहरी लांबवर जातात व भिंतीतून आत शिरतात. १८०० वा २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा पल्ला कमी असतो आणि फाइव्ह-जीसाठी वापरला जाणारा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्याहून आखूड पल्ल्याचा आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी फोनवर दिसणारे ‘फाइव्ह-जी’ हे चिन्ह तालुक्यातील वाडीबद्दल काहीही सांगत नाही. शिवाय सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या रिलायन्स जिओकडे टू-जी व थ्री-जी सेवा नाही. तेथे बोलणेही फोर-जी वा फाइव्ह-जीवरूनच होते. ज्या कंपन्यांकडे जुनी टू-जी सेवा आहे, त्यांचा ग्राहक फोर-जी क्षीण झाल्यास निदान बोलू शकतो व लघुसंदेश मिळवू शकतो. इंटरनेटचा वेग पाहून केलेल्या तुलनेत ही बाब दिसत नाही. ओटीपीच्या दृष्टीने मात्र तीच निर्णायक ठरू शकते.

फोनवरील काड्या मोजून तुलना करण्याची आपल्याकडे सवय आहे. या काड्या कशा दाखवाव्यात याचे सर्व फोनना लागू असे एकच प्रमाण नाही, म्हणून दोन वेगळ्या बनावटींच्या फोनवरील काड्यांची तुलना निरर्थक आहे. लहरींची शक्ती डीबीएम या एककात, उणे अंकांत मोजतात. टू-जी काळातील फिरत्या चाचण्यांत इमारतीच्या आत उणे ७५, वाहनात उणे ८५ आणि उघड्यावर उणे ९५ अशा मर्यादा धरल्या जात. दहा अंकांचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक. म्हणजेच उघड्यावर पुरेशी मानलेली शक्ती इमारतीसाठी लागणाऱ्या शक्तीच्या शंभराव्या हिश्शाएवढी असते. अंगणात फोन लागतो आणि माजघरात लागत नाही, यात फोनचा दोष क्वचितच असतो.

विश्वसनीयतेची मोजणी :

१९९७ साली स्थापन झालेल्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सेवेच्या गुणवत्तेचे निकष वेळोवेळी ठरवून दिले. २००९ च्या विनियमांनुसार लागलेल्या कॉलपैकी मध्येच तुटणाऱ्या कॉलचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, कॉल लागण्याचे प्रमाण किमान ९५ टक्के असावे आणि मनोरे बंद राहण्याचा एकूण काळ २ टक्क्यांच्या आत असावा, असे प्रमुख निकष होते. हे आकडे परवाना क्षेत्रासाठी होते. मुंबई, नवी मुंबई व कल्याण वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परवाना क्षेत्र होते. पणजी, पुणे आणि भामरागड यांची सरासरी एकच !

या सरासरीचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, एका क्षेत्रात १,००० कक्ष, म्हणजे सेल, आहेत. त्यांपैकी ९५० कक्षांत दररोज प्रत्येकी १,००० कॉल होतात व १ टक्का तुटतात. उरलेले ५० कक्ष दुर्गम भागात असून तेथे प्रत्येकी २०० कॉल होतात व १२ टक्के तुटतात. एकूण ९,६०,००० कॉलपैकी १०,७०० कॉल तुटले, म्हणजे प्रमाण सुमारे १.१ टक्का. कंपनी उत्तीर्ण झाली. दुर्गम कक्षातील ग्राहकाचा मात्र दर आठांपैकी जवळपास एक कॉल तुटतो. सेवा जितकी वाईट तितके लोक फोन कमी वापरतात आणि जितका वापर कमी तितका त्यांचा सरासरीतील वाटा घटतो. ही या निकषाची मूलभूत त्रुटी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यापुढची पायरी म्हणजे जेथे लहरीच पोहोचत नाहीत तेथे कॉल लागत नाही. जो लागला नाही तो तुटलेल्यांत मोजला जात नाही. व्याप्तीबाहेरचा मनुष्य छेदातही नसतो आणि अंशातही नसतो.

आणखी एक प्रकार लक्षात घ्यावा लागतो. लहर क्षीण झाल्यावर किती काळ थांबून कॉल तुटला असे समजावे, यासाठी जाळ्यात ‘रेडिओ लिंक टाइमआऊट’ नावाचे एक मूल्य ठरवून ठेवता येते. ते वाढविले की आवाज गेला तरी कॉल चालूच राहतो. ग्राहक ‘हॅलो, हॅलो’ करून कंटाळतो व स्वतःच फोन ठेवतो. नोंदवहीत तो कॉल सुरळीत संपलेला असतो. हा प्रकार पुढे ट्रायच्याही विचारार्थ आला.

तुटलेल्या कॉलबद्दल ग्राहकास एक रुपया, दिवसाला कमाल तीन रुपये, भरपाई द्यावी असा विनियम ट्रायने ऑक्टोबर २०१५ मध्ये काढला. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी व अवाजवी ठरवून रद्द केला. दोन टक्क्यांचा निकष पाळणाऱ्या कंपनीलाही प्रत्येक तुटलेल्या कॉलसाठी दंड होणार, ही विसंगती त्या वादाच्या केंद्रस्थानी होती. म्हणजे सरासरी आणि व्यक्तीचा अनुभव यांतील अंतर न्यायालयातही पोहोचले होते. २०१७ साली ट्रायने मोजणीची पद्धत बदलून किती टक्के कक्षांत आणि किती टक्के दिवशी निकष पाळला गेला हे पाहण्यास प्रारंभ केला. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या विनियमांनी कंपन्यांना व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक केले, तर एप्रिल २०२५ पासून भ्रमणध्वनी सेवेची तपासणी त्रैमासिकाऐवजी मासिक झाली. ही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि असे नकाशे सामान्यतः गणिती प्रतिमानांवरून काढलेले असतात. त्यांवरील रंग हा अंदाज आहे, अनुभव नव्हे.

वीज, तार आणि मनोरा :

पाऊस आला की रेंज जाते, हा आपल्याकडील सार्वत्रिक अनुभव आहे. प्रत्यक्षात फोन आणि मनोरा यांमधील लहरींवर पावसाचा परिणाम अल्प असतो. मनोऱ्याला पुढच्या केंद्राशी जोडणारा दुवा जर उच्च वारंवारतेच्या सूक्ष्मलहरींचा असेल तर मुसळधार पावसात तो क्षीण होतो. तो दुवा प्रकाशतंतूचा असेल तर रस्त्याच्या खोदकामात वा दरड कोसळून तुटतो. याहून मोठे कारण विजेचे. वीज गेल्यावर मनोरा काही तास बॅटरीवर चालतो, पुढे डिझेल पोहोचले तरच. दोन टक्के बंद काळ हा आकडा लहान वाटतो. परंतु ३० दिवसांच्या महिन्यात तो १४ तास २४ मिनिटे भरतो. ते तास महिनाभर विखुरलेले असतील तर कोणास जाणवणारही नाहीत. एकाच सलग वादळी रात्री आले तर गोष्ट निराळी.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि त्यापाठोपाठ दूरध्वनी सेवाही मूक झाली. मुंबई-पुण्यातील चाकरमान्यांना कित्येक दिवस घरच्यांची खबर मिळाली नाही. तेथे कोणत्या कंपनीची व्याप्ती अधिक होती हा प्रश्न त्या दिवसांत निरर्थक झाला होता.

याच संदर्भात दोन कंपन्यांची सिमकार्डे बाळगण्याच्या उपायाचे परीक्षण केले पाहिजे. दोन सेवा परस्परांहून पूर्णतः स्वतंत्र असतील आणि प्रत्येक २ टक्के काळ बंद राहत असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद राहण्याची शक्यता ०.०४ टक्के, म्हणजे महिन्यातून सुमारे १७ मिनिटे एवढीच उरते. पण स्वातंत्र्याचे हे गृहीतक व्यवहारात क्वचितच टिकते. २००७ साली स्थापन झालेल्या इंडस टॉवर्ससारख्या कंपन्या एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांची यंत्रे बसवितात. मनोरा एक, वीजजोडणी एक, बॅटरी एक. कित्येकदा तारेचा मार्गही एक. अशा ठिकाणी दोन सिमकार्डे म्हणजे एकाच दोरीला बांधलेल्या दोन बादल्या होत. म्हणून दुसरी कंपनी निवडताना तिचा मनोरा वेगळ्या ठिकाणी आहे काय, हे पाहणे जाहिरातीतील वेगाच्या आकड्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर परिसरातील मनोऱ्यांची माहिती मिळू शकते.

परवाना क्षेत्रांतर्गत रोमिंग हा यावरील संस्थात्मक उपाय होय; यात एका कंपनीचा ग्राहक दुसरीच्या मनोऱ्यावरून सेवा घेतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातच्या किनारी जिल्ह्यांत ही सोय तात्पुरती सुरू करण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये शासकीय निधीतून उभारलेल्या फोर-जी मनोऱ्यांसाठी ती जाहीर झाली. सार्वजनिक पैशातून उभा राहिलेला मनोरा एकाच कंपनीच्या ग्राहकांपुरता का असावा, हा प्रश्न त्याआधीच विचारला जावयास हवा होता.

महाविद्यालयीन स्तरावरील नोंदी :

ज्या महाविद्यालयात चाळीस-पन्नास गावांतील विद्यार्थी येतात, तेथे स्थानिक तुलनेचे साधन आयतेच उपलब्ध आहे. भूगोल, संख्याशास्त्र वा अर्थशास्त्र विभागाने ते प्रकल्प म्हणून हाती घेता येईल. विद्यार्थ्याने आपल्या वाडीतून एका निश्चित क्रमांकावर सकाळी, सायंकाळी सात ते नऊच्या गर्दीच्या वेळी आणि वीज गेल्यानंतर तीन तासांनी फोन लावावा. हीच कृती घराबाहेर व घराच्या आत करावी. वाडीचे नाव, वेळ, कंपनी, फोन लागला की नाही, आवाज मध्येच गेला काय, कॉल कोणी संपविला आणि चाचणी लघुसंदेश किती मिनिटांनी पोहोचला एवढे रकाने पुरेत. कॉल कोणी संपविला हा रकाना गाळू नये. आवाज जाऊनही चालू राहिलेला कॉल त्याच रकान्यात सापडतो. नोंदी फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेत घेऊन भागणार नाही. जुलैत घ्याव्या लागतील, कारण प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे दिवसही त्याच सुमाराचे असतात.

संकलन करताना तालुक्याची सरासरी काढण्याचा मोह टाळावा व प्रत्येक वाडीची ओळ स्वतंत्र ठेवावी. ज्या वाडीतून कॉल लागलेच नाहीत, तिचा रकाना कोरा न सोडता तेथे ‘लागला नाही’ असे स्पष्ट लिहावे. अर्जाच्या अखेरच्या तारखेपूर्वी कोणत्या विद्यार्थ्याने फोन सोबत घेऊन महाविद्यालयात यावे, याची यादी कार्यालयास त्याच ओळींवरून करता येईल.