तांदूळ पोहोचला, रक्त वाढले नाही

भिलाईच्या रिसालीपासून बस्तरच्या पाड्यांपर्यंत छत्तीसगडचे राजकारण दोन दशके तांदळाभोवती फिरले. 2004 मध्ये रेशन दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून सहकारी संस्था, पंचायती व बचतगटांकडे सोपविण्यात आली आणि पुढे रमण सिंह 'चावलवाले बाबा' ठरले. 2012 चा राज्याचा अन्नसुरक्षा कायदा तर केंद्राच्याही आधीचा. पोट भरले, हे निर्विवाद. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील रक्तक्षयग्रस्त महिला 2015-16 मधील 47 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये सुमारे 61 टक्क्यांवर गेल्या. नुसत्या भाताने दुसरे काय होणार? रिसालीच्याच दुर्ग जिल्ह्यातील भूपेश बघेल मुख्यमंत्री असताना, 2019 मध्ये माध्यान्ह भोजनातील अंड्यावरून विधानसभेत गदारोळ झाला. तांदळाला मात्र कोणत्याच पक्षाने कधी विरोध केला नाही.