सेवेचीही वही असते

28 जून 2018 च्या दुपारी जुहूहून उडालेले एक लहान विमान घाटकोपरच्या जीवदया लेनमधील बांधकामावर कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी, असे पाच जण प्राणांस मुकले. ते चाचणी-उड्डाण होते. भाड्याचा प्रवासी त्यात एकही नव्हता. विमानाची जोखीम केवळ आत बसलेल्यांपुरती नसते, हे त्या दिवशी उपनगरांना कळले.

याच जुहूशी हौशी उड्डाणाचा इतिहास जोडलेला आहे. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळालेल्या परवान्याचा क्रमांक 1 होता. खासगी वैमानिकाचा परवाना आजही हौशी माणसास मिळतो. मात्र त्यावर प्रवाशांकडून भाडे घेता येत नाही. अमेरिकेत असे कित्येक वैमानिक स्वतःचे विमान घेऊन, स्वखर्चाने, दूरच्या रुग्णांना इस्पितळात पोहोचवितात.

‘सेवाच करतो आहे, मग कागद कशाला?’ असे कोणासही वाटेल. परंतु पैसा न घेतल्याने जोखीम कमी होत नाही. परवाना, वैद्यकीय पात्रता, विमानाची उड्डाणयोग्यता, इंजिनाचे तास, दुरुस्तीच्या नोंदी हे सारे तपासावेच लागते. प्रवासी न्यायचे तर मागील 90 दिवसांत किमान 3 उड्डाणे व 3 अवतरणे झालेली असावीत, असा तेथील नियम आहे. त्याचा पुरावा म्हणजे वैमानिकाची नोंदवही.

वजनाचेही तसेच. 100 लिटर विमान-पेट्रोल सुमारे 72 किलो भरते, म्हणजे एका माणसाएवढा भार. संकोचाने कोणी आपले वजन कमी सांगितले, फराळाची पिशवी मोजायची राहिली, तर हिशेब चुकतो. आणि ती चूक धावपट्टी संपताना उघडी पडते. प्रवाशांची यादीही जमिनीवर कोणाकडे तरी ठेवावी, म्हणजे प्रसंगी शोध कोणाचा घ्यायचा हे ठाऊक असते.

आपल्या पेढ्यांवर रोजमेळ जुळल्याशिवाय दिवस संपत नसे. तो अविश्वास नव्हता. दुसऱ्याची ठेव सांभाळण्याची ती रीत होती. येथे ठेव पैशाची नसून प्राणाची आहे. म्हणून अशा विमानात बसण्यापूर्वी नोंदवही पाहण्यास मागावी. खरा सेवाभावी वैमानिक रागावणार नाही. तो ती आनंदाने उघडून दाखवील.