पायलट व्हायचंय? आधी रंग तपासा

लेक किंवा लेकीला पायलट व्हायचंय? मग फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिव्याची खूण येते : स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे घिरट्या घालत राहा. म्हणून डीजीसीएच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टी पाहतात. इशिहारा चाचणीत रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा असतो. लाल-हिरव्यातला गोंधळ बहुधा जन्मजात असतो, साध्या चष्म्याने जात नाही. मुलाला तो आईकडून येतो. तिला स्वतःला मात्र सहसा सगळे रंग नीट दिसतात. तेव्हा तिला बोल लावू नका. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून वर्ग २ ची तपासणी आधी करा. लाखो रुपये वाचतील, आणि पोराला दुसरी वाट वेळेवर शोधता येईल.