एसीची निगा : वाडीतल्या एका घरातली निरीक्षणं

नृसिंहवाडीत बसून एसीवर कसलं संशोधन करतोस, असं मला शेजाऱ्यांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. मी अभियंता नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. दत्तदर्शनाला येणाऱ्या भाविकांना आम्ही घरातल्या काही खोल्या राहायला देतो. त्यातल्या दोन खोल्यांत एसी बसवले आणि लागोपाठ तीन उन्हाळे ‘गॅस संपलाय’ हे वाक्य ऐकून पैसे मोजले. चौथ्या वर्षी पैसे देण्याआधी मी मेकॅनिकला एकच प्रश्न विचारला, ‘गेल्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठं?’ उत्तर मिळालं नाही. त्या दिवशी मी एक वही घातली. पुढचं सारं त्या वहीतून आणि तिच्या नादानं केलेल्या वाचनातून आलेलं आहे.

आधी या यंत्राचं मूळ काम समजून घेऊ. १९०२ साली अमेरिकेतल्या ब्रुकलिन इथं एका छापखान्याला मोठी अडचण होती. हवेतल्या दमटपणानं कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जागेवरून सरकायचे. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्यानं त्यावर जी योजना आखली, तिच्यातून आजचा एसी आला. म्हणजे त्याचा जन्म माणसाला गार करण्यासाठी झालेला नाही, हवेतलं पाणी काढण्यासाठी झाला आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जून ते सप्टेंबर आपला एसी उष्म्याइतकाच ओलीशी झगडत असतो.

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. उचलण्याचं काम आतल्या गार कॉइलवर होतं, टाकण्याचं काम बाहेरच्या गरम कॉइलवर. या दोन टोकांमध्ये तांब्याच्या नळ्यांतून जो गॅस फिरतो, तो नुसता हमाल आहे. स्कूटरच्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, संपत नाही. नळ्यांची वाट बंदिस्त असते. गॅस कमी झाला असेल, तर कुठंतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

मग थंडावा कमी का होतो? माझ्या वहीतलं उत्तर फार साधं आहे : बहुतेक वेळा वारा अडलेला असतो. आतल्या जाळीवर धूळ बसली की कॉइलवरून हवा कमी जाते. कॉइल प्रमाणाबाहेर गार होते आणि तिच्यावर बर्फ धरतो. गोंधळ असा की, गॅस गळल्यावरही बर्फ धरतो. लक्षण एक आणि कारणं दोन. त्यातलं महाग कारण आधी सांगितलं जातं.

आमच्या वाडीत जाळी लवकर का तुंबते, तेही पाहिलं. भाविक कृष्णेत स्नान करून येतात आणि ओले कपडे खोलीत दोरीवर टाकतात. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, धूप, कापूर असतोच. कपड्यांचे तंतू, धुराची काजळी आणि ओल यांचा मिळून जाळीवर चिकट थर बसतो. ती नुसती झटकून भागत नाही. एसी बंद करून जाळी काढावी, कोमट पाण्यानं मऊ ब्रशनं धुवावी, सावलीत पूर्ण वाळवून मगच लावावी. वापराच्या दिवसांत दर पंधरवड्याला हे करावं. मी पौर्णिमेला आणि अमावास्येला करतो, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

परीक्षेसाठी साधा तापमापक पुरतो. एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून आत खेचली जाणारी हवा आणि बाहेर फेकली जाणारी हवा मोजावी. कोरड्या दिवसांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक दिसला, तर यंत्र ठीक आहे. पावसाळ्यात फरक कमी दिसतो, कारण बरीच ताकद पाणी काढण्यात जाते. फरक फारच कमी असेल, तर आधी जाळी, मग आतली कॉइल आणि पंखा, मग बाहेरच्या यंत्राच्या पट्ट्यांमधली घाण, आणि सगळ्यांत शेवटी गॅस, या क्रमानं पाहावं. गळती असेलच तर कारागिरानं सांधे साबणाच्या पाण्यानं तपासावेत, गळती बुजवावी, पंपानं नळ्या निर्वात कराव्यात आणि यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-३२ हा गॅस असतो आणि तो थोडाफार ज्वलनशील आहे. दुरुस्ती चालू असताना त्या खोलीत समई, निरांजन तेवत ठेवू नये.

दुसरी वाट पाण्याची. पावसाळ्यातल्या दमट रात्री आमच्या एका एसीखालची बादली पहाटेपर्यंत भरत आलेली असते. ते पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत शेवाळासारखा चिकटा धरला, की पाणी उलटून भिंतीवरून ओघळतं आणि खोलीला कुबट वास येतो. नळीला सलग उतार हवा, आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नसावं. दक्षिणद्वार सोहळ्यात कृष्णामाई देवळात शिरते, पादुकांना स्पर्श करून दक्षिणेच्या दारातून निघून जाते. आलेल्या पाण्याला जायला दार हवं, हे वाडीकरांना वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट पुराची, आणि इथं चूक माझीच आहे. २०१९ च्या महापुरात परसात दीड फुटी स्टँडवर ठेवलेलं बाहेरचं यंत्र बुडालं. पाणी ओसरल्यावर भिंती लवकर वाळाव्यात म्हणून मी एसी चालू केला. आत साचलेल्या गाळानं सर्किट बोर्ड जळालं. खरं तर गॅसच्या नळ्या शाबूत असतील, तर त्यांच्यात पाणी शिरत नाही. नुकसान होतं ते विजेच्या भागांचं. म्हणून बुडालेलं यंत्र विजेपासून तोडूनच ठेवावं, गाळ हलक्या धारेनं धुवावा, वाळू द्यावं आणि कारागिरानं विजेची गळती तपासल्याशिवाय बटण दाबू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही धक्का देण्याइतका भार उरतो, तेव्हा झाकण आपण उघडू नये.

त्यानंतर आम्ही बाहेरची दोन्ही यंत्रं पुराच्या खुणेवर, गच्चीवर नेली. हात पोचेल, धुता येईल अशीच जागा निवडली. २०२१ च्या पुरात खालच्या खोलीत पाणी आलं, यंत्रं मात्र वाचली. पाणी चढू लागलं की श्रींची उत्सवमूर्ती उंचावर हलवण्याची आपली रीत आहे. तेच शहाणपण घरातल्या यंत्राला लावायला मला २०१९ चं नुकसान सोसावं लागलं.

विजेच्या बिलाबद्दल एवढंच. २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या एसींचं मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेलं असतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबानं तापमान एक अंश वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. १८ वर लावल्यानं खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ राबतं.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा घराघरांत दिवाळीची साफसफाई उरकत आली असेल. थंडी पडण्याआधी एसीला त्यात एक तास द्यावा. दोन-तीन तास नुसता पंखा चालवून कॉइल वाळवावी, जाळी धुऊन लावावी, रिमोटचे सेल काढावेत, एमसीबी खाली पाडावा. बाहेरच्या यंत्राला प्लॅस्टिक गुंडाळू नये, आत ओल कोंडते आणि उंदीर घर करतात. मग पाडव्याला तापमापक घेऊन पुन्हा मोजणी करावी, आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या उन्हाळ्यात कुणी ‘गॅस संपलाय’ म्हणालं, तर ती वही त्याच्यासमोर धरता येते. आमच्या दोन्ही एसींत त्या चौथ्या वर्षानंतर आजवर एकदाही गॅस भरावा लागलेला नाही.