चुन्याची घरे आणि कुडाची घरे

दक्षिण स्पेनमध्ये समुद्राजवळच्या डोंगरांत, द्राक्षमळ्यांच्या सोबतीने वसलेली कित्येक गावे दुरून शुभ्र दिसतात. तेथे ऊन कडक व पाऊस थोडा. भिंतींना दिलेला पांढरा चुना उन्हाचे किरण परतवतो आणि घर थंड राहते.

आता आपल्या शहापूर तालुक्यातील डोळखांब पाहा. सह्याद्रीतील आजोबा डोंगराकडे जाणारी वाट याच गावावरून जाते. या भागात पावसाळा मुसळधार असतो. उघड्या भिंतींवरचा चुना धुऊन निघायचा! म्हणून येथील जुन्या घरांची छपरे उतरती व पुढे आलेली असतात. पागोळ्या भिंतींपासून दूर पडतात. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणामातीचा लेप. कारवी डोंगरउतारावर वाढते, सुमारे सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळून जाते. कूड मोडला, तर नवी कारवी रानातच मिळते. वारल्यांच्या घरी लग्न असले, म्हणजे सुवासिनी गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. या भिंतीवरचा पांढरा रंग असा शेतातूनच येतो.

आज पुष्कळ ठिकाणी पत्र्याची छपरे आली आहेत. ती टिकाऊ खरी, पण वैशाखात फार तापतात. नवे घर बांधताना आपल्या भूमीचे ऊन आणि पाऊस ध्यानात ठेवले पाहिजेत.