नकाशावर नसलेली भिवंडी

प्रश्न आमच्या धाकटीने विचारला, तोही लोकलच्या दारात उभी राहून. दिव्याहून आम्ही धीम्या गाडीत बसलो होतो आणि ती दारावरच्या नकाशात एकेक स्टेशन बोटाने मोजत होती. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. मग तिने मान वळवून विचारले, "आई, यात आपली भिवंडी कुठे आहे?" मी म्हटले, "ती या लायनीवर नाही." "का नाही?" याचे उत्तर मला आले नाही. माझे सासरे अण्णा शेजारी बसले होते. ते हसले आणि म्हणाले, "परत येताना सांगतो. आधी तुमचं म्युझियम बघू."

आम्ही निघालो होतो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीतले रेल्वेचे छोटे संग्रहालय पाहायला. अण्णांनी हट्टाने भिवंडी रोडहून मेमू धरायला लावली होती. भिवंडीतला माणूस रेल्वेने जायचे झाले की शेअर रिक्षाने कल्याण गाठतो, नाहीतर बसने ठाणे. भिवंडी रोडच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. वसई-दिवा मार्गावर प्रवासी गाड्या दिवसभरात मोजक्याच. अंजूरफाट्याजवळच्या त्या स्टेशनावर मालगाड्या जास्त दिसतात, माणसे कमी. पण अण्णांना उल्हास खाडीवरचा पूल मुलांना दाखवायचा होता. त्याचे कारण संध्याकाळी कळले.

संग्रहालय म्हणायला दोन-तीन दालनांचे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासारखी एकरांवर पसरलेली जागा नाही, की मुलांना चढायला डबे नाहीत. आत इंजिनांच्या लहान प्रतिकृती, पितळी घंटा, गार्डचे हातदिवे, जुनी भांडी, जुनी तिकिटे. ज्या इमारतीत हे सारे मांडले आहे तीच खरे तर सर्वांत मोठी वस्तू. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी तिचा आराखडा केला, १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि दहा वर्षांत संपले. घुमटाखालचा तो वळसा घेत चढणारा दगडी जिना पाहून थोरला म्हणाला, "हे स्टेशन आहे?" त्याच्या डोक्यातले स्टेशन म्हणजे पत्रा आणि पंखे.

मुलांना तिकिटांपाशी थांबवायला मला कष्ट पडले, कारण मोबाइलवर तिकीट काढणाऱ्या पिढीला पुठ्ठ्याच्या तुकड्यात काय बघायचे ते कळेना. अण्णांनीच समजावले. रेल्वेच्या पहिल्या काळात इंग्लंडात तिकीट हाताने लिहून देत. लिहिण्यात वेळ जाई, आणि कारकुनाने पैसे खिशात टाकले तर पकडायची सोय नव्हती. थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय काढला: जाड पुठ्ठ्याची सारख्या मापाची तिकिटे आधीच छापायची आणि प्रत्येकावर ओळीने क्रमांक घालायचा. देताना एका यंत्रात दाबून तारीख उमटवायची. दिवस संपला की सकाळचा पहिला क्रमांक आणि आता वर दिसणारा क्रमांक यांची वजाबाकी केली की किती तिकिटे गेली ते कळते, आणि तेवढे पैसे पेटीत असलेच पाहिजेत. म्हणजे ते तिकीट प्रवाशासाठी जितके होते तितकेच कारकुनावर नजर ठेवण्यासाठी. भारतात ही पद्धत संगणक येईपर्यंत चालली. "खट्‌ असा आवाज यायचा," अण्णा म्हणाले. 

पहिल्या गाडीची गोष्ट तिथे अर्थातच आहे. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे चौदा डबे निघाले, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. अंतर एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर. एक गोष्ट मात्र नेहमी अर्धीच सांगितली जाते. भारतात रुळांवर गाडी धावली ती ही पहिलीच नव्हे. मद्रासजवळ दगड वाहायला आणि रूरकीला कालव्याच्या बांधकामात माती वाहायला त्याआधीच रूळ टाकले होते. बोरीबंदरची गाडी पहिली ठरते ती लोकांना घेऊन रीतसर सुरू झालेली प्रवासी सेवा म्हणून. तिच्यामागच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या संचालकांत जगन्नाथ शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभॉय हे दोघे मुंबईकर होते, हेही मुलांना सांगावे लागले. नाना शंकरशेठ त्यांना फक्त मेट्रोच्या बातमीमुळे माहीत.

पण मुले रमली ती बाहेर, हेरिटेज गल्लीत. तिथे 'सर लेस्ली विल्सन' हे जुने विजेचे इंजिन उभे होते. मधे चौकोनी खोली, पुढे-मागे लांब उतरती नाके, आणि चाकांना वाफेच्या इंजिनासारखे जोडदांडे. विजेच्या इंजिनाला दांडे कशाला, असे कोणालाही वाटेल. त्याचे असे, की त्या काळात प्रत्येक आसाला वेगळी मोटर लावण्याएवढ्या आटोपशीर पण ताकदवान मोटरी सोयीच्या नव्हत्या. म्हणून मोठ्या मोटरी नाकांत बसवल्या आणि त्यांची फिरकी दांड्यांनी सगळ्या चाकांना वाटून दिली. घाटात चाक घसरू नये म्हणून हे वाटप फार कामाचे. दोन्ही नाके मधल्या खोलीला स्वतंत्रपणे जोडलेली, त्यामुळे वळणावर इंजिन अंग वळवते. युरोपात अशा इंजिनांना मगर म्हणत. आपल्याकडे रेल्वेच्या माणसांनी त्याच्या चालीवरून आणि कण्हल्यासारख्या आवाजावरून नाव दिले खेकडा. मगरीपेक्षा खेकडाच जास्त बरोबर वाटतो, हे माझे मत.

ही इंजिने स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधून आली, एकूण ४१. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली, १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढच्या चार-पाच वर्षांत वीज घाट चढून इगतपुरी आणि पुण्यापर्यंत गेली, आणि दोन्ही घाटांत ओझे ओढायला खेकडे आले. तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट. ऐकायला किरकोळ, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला एवढा चढ म्हणजे छातीवर बसणारा. आजही कसाऱ्याला आणि कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात ती यासाठी.

अण्णा खेकड्यापाशी बराच वेळ उभे राहिले. "हा मला कल्याणला भेटायचा," म्हणाले.

अण्णांनी तरुणपणी भिवंडीतल्या एका हुंडेकऱ्याकडे नोकरी केली. काम बिल्टीचे. यंत्रमागाच्या खात्यांतून ताके यायचे, त्यांच्या गाठी बांधल्या जायच्या, गाठींवर काळ्या रंगाने खुणा आणि गावाचे नाव. मग ट्रक कोनगाववरून खाडी ओलांडून कल्याणच्या मालधक्क्याला. तिथे वजन, नोंद, आणि माल मिळाल्याची रेल्वेची पावती, तीच बिल्टी. ती टपालाने गिऱ्हाइकाला जायची, आणि तो ती दाखवून आपल्या गावच्या स्टेशनावर गाठ सोडवायचा. भिवंडीत विणलेले कापड देशभर रेल्वेने गेले, पण भिवंडीतून कधी चढले नाही. दहा-बारा किलोमीटरचे हे अंतर प्रत्येक गाठीला ट्रकभाडे आणि हमालीच्या रूपाने भरावे लागे. त्यात पावसाळ्यात कोनच्या पुलावर रांग लागली, तर त्या दिवशीचा डबा चुके.

परतीच्या गाडीत त्यांनी धाकटीचा प्रश्न घेतला. पुढे मी घरी येऊन नकाशे आणि जुन्या तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांचे सांगणे बव्हंशी जुळले.

मुंबईहून नाशिकमार्गे आग्र्याला जाणारा जुना रस्ता ठाण्याहून कशेळीपाशी खाडी ओलांडतो, भिवंडीत येतो आणि पडघा, शहापूर करीत थळ घाटाकडे जातो. रेल्वेलाही थळ घाटालाच जायचे होते. मग रस्त्याच्या शेजारून रूळ का गेले नाहीत? कारण रेल्वेला एक नव्हे, दोन घाट गाठायचे होते. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपला असताना ही कल्पना सुचली, असा रेल्वेचा इतिहास सांगतो. तेव्हापासूनच तिच्यात ठाणे, कल्याण आणि थळ व बोर हे दोन्ही घाट होते. एक फाटा नाशिककडे, दुसरा पुण्याकडे. उल्हास नदी कर्जतकडून येऊन बदलापूर, कल्याणवरून पश्चिमेला वाहते. कल्याण तिच्या दक्षिण काठी, भिवंडी उत्तरेला.

आता ठाण्याहून भिवंडीला रूळ न्यायचे तर कशेळीची रुंद, भरती-ओहोटीची खाडी ओलांडायची. आणि पुण्याला जायचे तर तेच पाणी पुन्हा दक्षिणेला ओलांडून यायचे. त्याऐवजी ठाण्याला कळव्याकडे खाडीचे अरुंद टोक ओलांडले आणि मुंब्र्याला पारसिकच्या डोंगराच्या कडेने, बोगदा खोदून गेले, की सरळ कल्याण. तिथे फाटा फोडायचा. उल्हास ओलांडायची ती फक्त नाशिकच्या फाट्याने, शहाडच्या पुढे, जिथे पात्र आवाक्यात आहे. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. १८५५ मध्ये ती वासिंदला गेली, १८६१ मध्ये कसाऱ्याला. बोर घाट १८६३ मध्ये आणि थळ घाट १८६५ मध्ये गाड्यांना खुला झाला.

हा माझा निष्कर्ष आहे. पण कोणाच्या द्वेषाने भिवंडी वगळली, किंवा गावाने रेल्वेला विरोध केला, अशा ज्या गप्पा आपल्याकडे चहाच्या टपरीवर चालतात, त्यांच्यापेक्षा मला खाडीचे पाणी अधिक विश्वासाचे वाटते. शिवाय तेव्हाच्या भिवंडीला रेल्वेची निकड किती होती, हाही प्रश्नच. कामवारी नदीतून होड्या खाडीत उतरत होत्या आणि माल थेट मुंबईच्या बंदराला लागत होता. पाण्याची वाट होती, म्हणून रुळाची हाक उशिरा आली. होड्या थांबल्या तेव्हा मात्र रूळ दुसऱ्या काठावर पक्के झालेले होते.

भिवंडीला रूळ मिळाले ते सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९८० च्या दशकात, तेही भिवंडीसाठी नव्हे. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मालगाड्यांना मुंबईत न शिरता एकमेकींच्या मार्गावर जाता यावे, म्हणून वसई आणि दिवा जोडले. वाटेत भिवंडी लागली म्हणून स्टेशन झाले, गावापासून दूर. म्हणून नावात 'रोड'. प्रवासी गाड्या त्यानंतर कितीतरी वर्षांनी आल्या. तोवर अण्णांच्या मालकाचा सारा धंदा ट्रकवर गेला होता.

दिव्याला मेमूची वाट पाहत बसलो असताना थोरल्याने विचारले, "आजोबा, तुमचे माग पण म्युझियममध्ये ठेवले आहेत का?" अण्णा काही बोलले नाहीत. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी दोन खाती बंद झाली. साचे किलोच्या भावाने भंगारात गेले. लोखंड वेगळे, बिडाचे वेगळे. त्यातले काही साचे खेकड्याच्या वयाचे नसले तरी अण्णांच्या वयाचे नक्की होते. ज्या खात्यात ते उभे होते तिथे आता एका ऑनलाइन दुकानाची खोकी रचलेली असतात.

ती खोकीही शेवटी कुठेतरी चढतातच. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, भिवंडी रोडहून पार्सल गाड्या सुटू लागल्या. हावड्याजवळच्या सांकराईलला, गुवाहाटीजवळच्या अझाराला. गोदामातला माल पहिल्यांदाच कल्याणला न नेता आपल्याच स्टेशनावर चढू लागला. अण्णांनी ही बातमी कापून पाकिटात ठेवली आहे, त्यांच्या एका जुन्या बिल्टीच्या शेजारी.

मेमू कोपर सोडून खाडीच्या पुलावर आली तेव्हा अंधार पडला होता. पाणी दिसत नव्हते, नुसता लोखंडी आवाज. अण्णांनी धाकटीला खिडकीशी घेतले. "हे बघ," ते म्हणाले, "तेव्हा एवढंच ओलांडायचं राहिलं होतं."

"केवढं?" तिने विचारले.

ती मोजू लागली. बाविसावर पूल संपला.