गाडीला विमा नसला तरी

पाड्यावरच्या कुणाला धडक बसली की गाडीमालक दोन-तीन हजार हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतो. ‘गाडीला विमाच नाही, कोर्टात काय मिळणार?’ हे त्याचे ठरलेले बोलणे, आणि आपली माणसे त्यावर विश्वास ठेवतात. खरे तर विमा नसला तर भरपाई मालकाने आणि चालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची असते. त्यासाठी पोलिसांत तक्रार करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा. कायद्यात ६ महिन्यांची मुदत लिहिली आहे. अशी जप्त गाडी तारण घेतल्याशिवाय सोडू नये, असे नियम करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना सांगितले. आदिवासींना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. तारखेचे एसटीभाडे मात्र लागतेच. आपल्या अर्पणातून आम्ही ते भागवतो.